वरच्या फळीवरची कॅसेट

आमच्या धर्मगुरुनिवासातील टेबलावर बायबल, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि वीजबिले यांच्या शेजारी एक जुनी कॅसेट ठेवलेली असते. भेटीस येणारे भाविक तिच्याकडे पाहतात, कव्हरवरील चित्र ओळखतात आणि मग क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतात. ‘फादर, ही तुमची?’ हा प्रश्न त्यांच्या ओठांवर येतो आणि सभ्यतेपोटी तेथेच विरतो. कारण कव्हरवरील चित्र आहे लावणीगायिका सुलोचना चव्हाण यांचे, आणि कॅसेट आहे त्यांच्या गाजलेल्या, निवडक लावण्यांची. धर्मगुरूच्या टेबलावर लावण्या कशा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर आम्ही आजवर कोणाला दिलेले नाही. आज ते द्यावे असे ठरविले आहे. कारण त्या उत्तरात आमची एक चूक दडलेली आहे, आणि चूक कबूल करण्याचा उपदेश इतरांना करणाऱ्याने ती कधीतरी स्वतःही करावयास हवी.

आमचे बालपण देहूरोडला गेले. मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा बाबा एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी, आमची आई आणि तीन वर्षांचे आम्ही एवढा संसार घेऊन या गावी उतरले. पुणे-मुंबई लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्थानक. तुकोबांच्या देहूला जाण्याचा रस्ता म्हणून त्याला हे नाव पडले. पण गावाचा तोंडवळा लष्करी. लष्कराचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, कॅन्टोन्मेंट आणि भोवती देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेली माणसे. आमच्या चाळीत एका बाजूस तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूस मल्याळी, समोर विदर्भातले बौद्ध. नाताळ हा आमच्या गावी दोन कारणांनी मोठा दिवस. आम्ही मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी येतो, तोवर शुभ्र वस्त्रे नेसलेल्या बौद्ध बांधवांची रीघ रस्त्याने लागलेली असते. कारण २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. आषाढात तुकोबांच्या पालखीचे टाळ कानी येत. अशा गावात लहानाचे मोठे झाल्यावर कोणाचे गाणे आपले आणि कोणाचे परके, हा भेद मनात उपजायलाच नको होता. तो पुढे उपजला, याचे श्रेय गावाला नाही. ते आमचे आम्हालाच.

दहावी झाल्यावर आम्ही सेमिनरीत गेलो. लॅटिन, तत्त्वज्ञान, ईशज्ञान अशी एकेक पायरी चढत असताना घरी काय चालले आहे हे पत्रांतून कळे. ‘टू-इन-वन घेतला आहे’ असे बाबांनी एका पत्रात लिहिले होते. बोनस मिळाला होता. आम्हाला वाटले, बातम्या आणि भजने ऐकायची सोय झाली, चांगले झाले.

१९९७ च्या एप्रिलमध्ये आम्हाला गुरुदीक्षा मिळाली. देहूरोडला आमची पहिली मिस्सा झाली, त्या दिवशी बाबा नव्या सदऱ्यात मंदिराच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. डेपोतले त्यांचे हमाल सोबती, त्यांचा तमिळ सुपरवायझर, समोरचे शेजारी, सगळे आले होते. त्यानंतर दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमचे दोन सहाध्यायी, तेही नुकतेच दीक्षित झालेले, आमच्याबरोबर घरी जेवावयास यायचे होते. आम्ही तिघे पांढऱ्या झग्यांत चाळीच्या वळणावर आलो, आणि आमच्याच खोलीतून ढोलकीची थाप ऐकू आली. पाठोपाठ तो आवाज, ठसकेबाज, उघडा, कोणाची भीड न धरणारा. उसाच्या फडाची ती प्रसिद्ध लावणी होती. आमच्या सहाध्याय्यांपैकी एकजण हसला. त्याच्या हसण्यात काही वावगे नव्हते, हे आज कळते. त्या वेळी मात्र आमच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

आत गेलो. बाबा खाटेवर टेपरेकॉर्डरच्या शेजारी बसले होते. आई आतल्या अंगाला स्टोव्हपाशी होती. आम्ही पाहुण्यांना बसा म्हणण्याआधी पुढे झालो, बटण दाबले आणि ती कॅसेट बाहेर काढून बाबांच्या हातात दिली. ‘बाबा, उद्यापासून या घरात हे नको. आता लोक या घराकडे वेगळ्या नजरेने पाहणार,’ असे काहीसे आम्ही बोललो. शब्द नेमके हेच होते असे नाही. पण सूर नेमका आठवतो. जो सूर पुढे पुष्कळ वर्षे आमच्या प्रवचनांत होता, तोच तो.

बाबांनी कॅसेट घेतली, तिच्या डबीत नीट बसविली, उठून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, ‘बरं, फादर.’

आयुष्यात प्रथमच त्यांनी आम्हाला फादर म्हटले होते. तो मान आहे असे समजून आम्ही तो स्वीकारला.

त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा घरी गेलो, तेव्हा तेव्हा घर शांत असे. टेपरेकॉर्डरवर आईने भरलेला रुमाल असे. २०११ साली बाबा गेले. त्यांच्या सामानाची आवराआवर धाकट्या बहिणीने केली. त्या कॅसेटचे आम्हाला स्मरणही उरले नव्हते.

१० डिसेंबर २०२२ चा शनिवार. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ‘दादा, आई जेवली नाही. टीव्हीवर सुलोचनाबाई गेल्याची बातमी लागली, तेव्हापासून नुसती बसून आहे. काही बोलत नाही.’ आम्ही गोंधळलो. कोण्या गायिकेच्या मृत्यूने आईने जेवण का टाकावे? दुसऱ्या दिवशी रविवार. आमचा घाईचा दिवस. सोमवारी सकाळच्या लोकलने देहूरोड गाठले.

आई ओट्यावर उन्हात बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांचे वय, दृष्टी अधू. पण कान तिखट. आम्ही जवळ बसलो. थोडा वेळ इकडचे तिकडचे झाले. मग ती म्हणाली, ‘तेवढी वरच्या फळीवरची कॅसेट काढ.’

आम्ही आत जाऊन काढली. बारा वर्षांनी बदललेल्या कपाटातही ती वरच्याच फळीवर होती. कव्हरवर काठापदराच्या साडीतल्या सुलोचनाबाई, डोईवरून पदर घेतलेल्या. आईने ती हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि शांतपणे म्हणाली, ‘ही माझी व्हती, बाळा. तुझ्या बाबांची न्हाई.’

आम्ही गप्प राहिलो.

‘त्यांना लावणीतलं काय कळत व्हतं? त्यांना अभंग आवडायचे. ही माझ्यासाठी आणली पिंपरीच्या बाजारातून. त्या दिवशी सैपाक करताना मीच लाव म्हणाले. म्हटलं, पाहुणे यायला येळ हाय.’

‘मग ते बोलले का नाहीत?’

‘मी बोलणार व्हते. त्यांनी हातानं खुणावलं. रातच्याला म्हणाले, पोरगा कालच फादर झालाय. बापाला बोलला तर बोलला. आईला बोलल्याचा डाग त्याला कशाला?’

वाचकहो, प्रायश्चित्त संस्काराच्या खुर्चीत बसून आम्ही सहस्रावधी माणसांचे बोलणे ऐकले आहे. त्या सकाळी ओट्यावर बसून ऐकलेल्या या चार वाक्यांनी आम्हाला जे दिले, ते फार थोड्या पुस्तकांनी दिले असेल. बाबांना क्षमा मागण्याची वेळ अकरा वर्षांपूर्वी निघून गेली होती. आईची क्षमा मागितली. तिने ती ऐकलीच नाही असे दाखविले आणि आपल्या विषयाकडे वळली. तिचा विषय सुलोचनाबाई हा होता.

तिची हकिगत अशी. लग्नाआधी, म्हणजे १९६६ च्या अलीकडे, नगरकडच्या एका बाजारगावी तंबूतला सिनेमा आला होता. ‘मल्हारी मार्तंड’ हा चित्रपट, १९६५ सालचा. मिशनच्या कुटुंबांना तमाशाची बंदी असे, पण सिनेमाबद्दल स्पष्ट असे कोणी काही सांगितलेले नव्हते; त्या फटीतून चार मैत्रिणी तंबूत शिरल्या. पडद्यावर कोण नाचले ते आईला फारसे आठवत नव्हते. आवाज मात्र कानांत राहिला. पुढे कोणीतरी तिला मासिकातला एक फोटो दाखविला. तो आवाज ज्या बाईचा, ती बाई डोईवरून पदर घेऊन, हातवारे न करता, नजर खाली ठेवून गाते हे तिला कळले, आणि तिचे म्हणणे, ‘तवा मला धीर आला. म्हटलं, ही आपल्यावाणीच हाय.’

आम्ही परत आलो, आणि धर्मगुरूला शोभेल अशा चिकाटीने या बाईंविषयी मिळेल ते वाचू लागलो. ज्याचा निषेध पंचवीस वर्षांपूर्वी केला, त्याची माहिती आता गोळा करावी, हा क्रम उलटा खरा. पण पुष्कळांच्या बाबतीत तो असाच असतो.

सुलोचनाबाईंचा जन्म मुंबईचा, १३ मार्च १९३३ चा. माहेरच्या त्या कदम. गाण्याचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्या शिकल्या आणि लहान वयातच चित्रपटांसाठी गाऊ लागल्या. सुलोचना कदम या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांत गायन केले. महंमद रफी, मन्ना डे यांच्यासारख्यांबरोबर त्यांचा आवाज उमटला. पुढे चित्रपट दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी विवाह झाला. लावणीतील कोणत्या शब्दावर किती भार द्यावा, कोठे थांबावे, कोठे शब्द नुसता फेकून द्यावा, हे आपल्याला पतीनेच शिकविले आणि तेच आपले गुरू, असे त्या सांगत. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटात जगदीश खेबूडकरांची लावणी वसंत पवारांच्या चालीवर त्यांनी गायिली आणि त्या घरोघर पोहोचल्या. १९६४ मध्ये ‘सवाल माझा ऐका’ आला, पाठोपाठ ‘मल्हारी मार्तंड’. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले, आणि ते बिरुद नावाला कायमचे चिकटले. पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी; त्याच वर्षाच्या अखेरीस त्या गेल्या.

एका गोष्टीने आम्ही थक्क झालो. ज्या उसाच्या फडाच्या लावणीने आमच्या कानशिलांतून वाफा काढल्या होत्या, तिचे कवी ग. दि. माडगूळकर. आणि सेमिनरीत मराठी भाषेच्या सौष्ठवाचा नमुना म्हणून आम्ही ज्या ‘गीतरामायणा’चा आदराने उल्लेख करीत असू, ते १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सादर झालेले काव्यही त्यांचेच. एकाच लेखणीतून दोन्ही उतरली. कवीला यात विसंगती वाटली नाही, गायिकेला आपल्या पदरात आणि आपल्या ठसक्यात विसंगती वाटली नाही, आईला जपमाळेत आणि कॅसेटीत वाटली नाही. ती आम्हा एकट्याला वाटली.

जानेवारीत आम्ही पुन्हा देहूरोडला गेलो, तेव्हा एका सद्गृहस्थांकडून चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मागून नेला होता. कॅसेटची फीत सैल पडली होती. लहानपणी सगळ्यांनीच केलेला उपाय केला. छिद्रात पेन्सिल घालून ती घट्ट गुंडाळली. आईने आधी विचारले, ‘तुला चालंल ना?’ त्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला घसा खाकरावा लागला.

फीत झिजलेली होती. मधूनच आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होई आणि पुन्हा वर येई. पण ढोलकीची पहिली थाप पडली आणि आईचा उजवा हात मांडीवर चालू लागला. एकामागून एक लावणी येत गेली. मिरचीच्या तिखटपणाची, पिकल्या आंब्याची, पाटलाची विचारपूस करणारी. आम्ही प्रथमच नीट ऐकत होतो. चित्रपटात ही गाणी वेगवेगळ्या नायिकांच्या तोंडी असतात. डोळे पडद्यावर खिळतात आणि गाणारी मागे राहते. निवडक गाण्यांचा संग्रह तिला पुढे आणतो. येथे नायिका नाही, नृत्य नाही, कथाही नाही. तीस मिनिटांची एक बाजू, तीस मिनिटांची दुसरी, आणि आरंभापासून शेवटापर्यंत एकच माणूस. तो माणूस आम्हाला ऐकू आला. शब्द कितीही चावट असो, उच्चार स्वच्छ. खोडी आहे, पण लाचारी नाही. ऐकणाऱ्याला ती जवळ बोलावते आणि त्याच सुरात हातभर अंतरावर थांबवते. संसार सांभाळणारी, घरी चार माणसांना वाढणारी बाई असे गाऊ शकते, कारण तिला आपल्या घराचा उंबरठा कोठे आहे हे पक्के ठाऊक आहे.

शृंगारिक काव्याचे भय आम्हाला सेमिनरीने शिकविले, असे म्हणून सुटका करून घेता आली असती. पण ते खरे नाही. त्याच सेमिनरीत आम्ही पवित्र शास्त्रातील ‘गीतरत्न’ अभ्यासले होते. प्रियकर-प्रेयसीच्या त्या उत्कट काव्यावर संतांनी किती भाष्ये लिहिली, यावर परीक्षेत दहा गुणांचे उत्तरही लिहिले होते. द्राक्षमळ्याचे रूपक आम्हाला पवित्र वाटले, उसाच्या फडाचे नाही. भय शृंगाराचे नव्हतेच. हसलेल्या त्या सहाध्याय्याचे होते. चाळीतल्या खोलीतून, हमालाच्या घरातून आपण आलो आहोत, हे त्या ढोलकीने पाहुण्यांना सांगून टाकले, याची ती लाज होती. धर्माचा झगा आम्ही त्या लाजेवर पांघरला, एवढेच.

दुसरी बाजू संपली. बटण आपोआप वर उडाले. आम्ही विचारले, ‘आई, इतकी वर्षे तू हे ऐकलेच नाहीस?’

ती हसली. तिच्या तोंडात चारच दात उरले होते. पण त्या हसण्यात त्या मैत्रिणींपैकी एक, तंबूच्या फटीतून आत शिरणारी, अजून होती. ‘ऐकत व्हतो की. तू गेल्यावर. तुझी गाडी सुटली की तुझे बाबाच काढून द्यायचे. दार लावून, बारीक आवाजात.’

सर्वांत जड वाटले ते हेच. लोक आमच्यापासून पापे लपवितात हे आम्हाला ठाऊक होते. आमच्या व्यवसायात ते गृहीतच धरावे लागते. लोक आमच्यापासून आपला आनंदही लपवितात, हे ठाऊक नव्हते. चौदा वर्षे, बाबा असेपर्यंत, आमच्या घरात एक सुख होते, आणि आमची गाडी सुटण्याची वाट पाहत ते वरच्या फळीवर थांबत असे. आई-बाबांनी त्याबद्दल कधी राग धरला नाही. बाबा स्वतःला न कळणारे गाणे आईसाठी लावून, दार ओढून, शेजारी बसत. आम्ही विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत पतिपत्नीच्या प्रेमावर तासन्‌तास बोललो आहोत. त्यात या दृश्याची कधी गणना केली नव्हती. आता करतो, नावे मात्र सांगत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात आई गेली. अंत्यविधी आम्हीच केला. तेव्हा लावणी लावली का, असे कोणी विचारील, तर नाही. ज्याची त्याची वेळ असते, आणि आईला वेळेचे भान आमच्यापेक्षा अधिक होते. चाळिसाव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर मात्र बहिणीच्या घरी नातेवाईक जमले असता, आमच्या भाच्याने आपल्या मोबाईलवर तीच गाणी शोधून काढली. आवाज आता स्वच्छ होता, पाण्याखाली जात नव्हता. समोरच्या बौद्ध कुटुंबातील आजी आईच्या वयाच्या. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आम्ही दोघी दुपारी ऐकत असू.’ म्हणजे हे त्यांनाही ठाऊक होते. गल्लीत ते ठाऊक नसलेले आम्ही एकटेच.

हल्ली आम्ही धर्मग्रामात घरभेटीस जातो तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवतो. दाराशी आमची चाहूल लागताच आत काहीतरी बंद होते. कधी टीव्ही, कधी मोबाईलवरचे गाणे, कधी नुसता मोठ्याने चाललेला हशा. पूर्वी आम्हाला तो आदर वाटत असे. आता आम्ही उंबरठ्यावर थांबतो आणि म्हणतो, ‘चालू राहू द्या. संपले की प्रार्थना करू.’ पहिल्या भेटीत कोणाचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या भेटीत एखादी आजी हळूच बटण दाबते.

कॅसेट टेबलावर आहे ती यासाठी. ती आता वाजत नाही. फीत एके ठिकाणी तुटली आहे आणि ती जोडण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. वरच्या फळीवर मात्र तिला पुन्हा ठेवणार नाही.